अलास्का गोल्डपॅनर्स

अलास्का गोल्डपॅनर्स हा अमेरिकेच्या अलास्का राज्यातील फेअरबँक्स शहराचा उन्हाळी महाविद्यालयीन बेसबॉल संघ आहे. एच. ए. ऊर्फ 'रेड' बाउचर यांनी १९६० साली त्याची स्थापना केली. ग्राउडन मेमोरियल पार्क हे संघाचे घरचे मैदान होय. दरवर्षी उत्तरायणाच्या शेवटी, म्हणजे २१ जूनच्या सुमारास, या मैदानावर कृत्रिम प्रकाशाविना रात्री चालणारा 'मध्यरात्रीच्या सूर्याचा सामना' खेळला जातो. या सामन्यामुळे संघाचे नाव अमेरिकेबाहेरही पोहोचले आहे. नॅशनल बेसबॉल काँग्रेसची राष्ट्रीय स्पर्धा गोल्डपॅनर्सनी सहा वेळा जिंकली आहे. टॉम सीव्हर आणि डेव्ह विनफिल्ड हे बेसबॉलच्या कीर्तिदालनात स्थान मिळालेले खेळाडू विद्यार्थिदशेत या संघाकडून खेळले होते.

या संघात कायमचा खेळाडू कोणीही नसतो. जूनच्या आरंभी देशाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी येतात, दोन महिने खेळतात आणि ऑगस्टमध्ये परत जातात. पुढच्या वर्षी बहुतेक चेहरे नवे असतात. त्यामुळे या संघाचा इतिहास हा मुख्यतः त्याला सांभाळणाऱ्या शहराचा, मैदानाचा आणि कार्यकर्त्यांचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी: उन्हाळी महाविद्यालयीन बेसबॉल

अमेरिकेतील महाविद्यालयांचा बेसबॉल हंगाम साधारणतः फेब्रुवारीत सुरू होतो आणि जूनमध्ये संपतो. त्यानंतर विद्यापीठे उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद होतात. या सुट्टीत खेळाचा सराव तुटू नये आणि अधिक तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यांशी गाठ पडावी, या हेतूने देशभर उन्हाळी संघ व त्यांच्या लीग उभ्या राहिल्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड लीग ही त्यांतील सर्वांत प्रतिष्ठित मानली जाते. अलास्कातील संघांनीही साठ ते ऐंशीच्या दशकांत तिच्या बरोबरीची ख्याती मिळवली होती.

या संघांतील खेळाडू हौशी असतात. खेळण्याबद्दल वेतन घेतल्यास महाविद्यालयाच्या संघातून खेळण्याची त्यांची पात्रता जाते. म्हणून त्यांच्या राहण्याची सोय गावातील कुटुंबे आपल्या घरी करतात. ही कुटुंबे 'यजमान कुटुंबे' म्हणून ओळखली जातात. पूर्वीच्या काळी खेळाडूंना गावात दिवसा एखादी उन्हाळी नोकरीही मिळवून देत असत. संघाचा खर्च तिकिटे, स्थानिक व्यापाऱ्यांच्या जाहिराती, देणग्या आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर चालतो.

व्यावसायिक संघांचे निरीक्षक हे सामने बारकाईने पाहतात. महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये १९७४ पासून ॲल्युमिनियमच्या बॅटला परवानगी मिळाली. व्यावसायिक बेसबॉलमध्ये मात्र लाकडी बॅटच चालते. आज बहुतेक प्रमुख उन्हाळी लीगमध्ये लाकडी बॅट वापरली जात असल्याने, विद्यार्थी खेळाडू व्यावसायिक खेळात कितपत टिकेल, याची खरी परीक्षा तेथे होते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे दोन महिने पुढील आयुष्याची दिशा ठरवणारे असू शकतात.

फेअरबँक्स आणि नावाचा उगम

फेअरबँक्स हे अलास्काच्या अंतर्भागात चेना नदीच्या काठी सुमारे ६४.८ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. १९०१ साली ई. टी. बार्नेट या व्यापाऱ्याने येथे आपले व्यापारी ठाणे मांडले. पुढच्याच वर्षी फेलिक्स पेड्रो या इटालियन वंशाच्या शोधकाला जवळच्या टेकड्यांत सोने सापडले आणि सोन्याच्या आशेने माणसांचा लोंढा येथे आला. शहराला इंडियाना राज्याचे तत्कालीन सिनेटर आणि पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले चार्ल्स फेअरबँक्स यांचे नाव देण्यात आले.

'गोल्डपॅनर' म्हणजे पसरट थाळीत नदीची वाळू व पाणी घेऊन ती गोल फिरवीत सोन्याचे कण वेगळे करणारा. हलकी वाळू पाण्याबरोबर वाहून जाते आणि जड सोने तळाशी उरते. आपल्याकडे सराफ कट्ट्यावरील धूळ गोळा करून तिच्यातून सोने-चांदीचे कण वेचणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. त्यांचे काम याच जातीचे आहे. शहराच्या जन्मकथेतून घेतलेले हे नाव संघाच्या कार्यालाही जुळणारे ठरले. अप्रसिद्ध विद्यार्थ्यांमधून गुणी खेळाडू निवडून काढणे, हीच या संघाची ओळख झाली.

स्थापना

अलास्काला ३ जानेवारी १९५९ रोजी राज्याचा दर्जा मिळाला. त्याच्या पुढच्या वर्षी गोल्डपॅनर्सची स्थापना झाली. तत्पूर्वी फेअरबँक्समध्ये बेसबॉल नव्हता असे नाही. सोन्याच्या शोधात आलेल्या पहिल्या पिढीपासूनच तो येथे खेळला जात होता. मात्र अलास्काबाहेरच्या नामांकित महाविद्यालयीन खेळाडूंना बोलावून राष्ट्रीय पातळीवरचा संघ उभारण्याची कल्पना बाउचर यांची.

बाउचर हे नौदलातून निवृत्त होऊन अलास्कात स्थायिक झालेले गृहस्थ. ते संघाचे संस्थापक होते, व्यवस्थापक होते आणि आरंभीच्या काळात प्रशिक्षकही होते. उर्वरित अमेरिकेपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या, हिवाळ्यात उणे ४० अंशांपर्यंत गारठणाऱ्या गावात कोणता विद्यार्थी खेळायला येईल, हा त्यांच्यापुढील पहिला प्रश्न होता. त्यांनी विद्यापीठांतील प्रशिक्षकांशी थेट संबंध जोडून तो सोडवला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक रॉड डिडो यांच्याशी जुळलेले नाते त्यांत विशेष महत्त्वाचे ठरले. प्रशिक्षकाला आपला खेळाडू उन्हाळ्यात चांगल्या देखरेखीखाली खेळावा असे वाटे, तर बाउचर यांना गुणी खेळाडू हवे असत.

बाउचर यांचे सार्वजनिक जीवन पुढे बेसबॉलपुरते मर्यादित राहिले नाही. ते १९६६ ते १९७० या काळात फेअरबँक्सचे महापौर आणि १९७० ते १९७४ या काळात अलास्काचे उपराज्यपाल होते. २००९ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर संघाचा कारभार डॉन डेनिस यांनी अनेक दशके सांभाळला.

मैदान

ग्राउडन मेमोरियल पार्क हे मैदान चेना नदीपासून जवळच आहे. जेम्स ग्राउडन यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव देण्यात आले. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. उत्तर अमेरिकेत नोंदला गेलेला हा सर्वांत मोठा भूकंप होय. त्या दिवशी व्हॅल्डीझ बंदरात 'चेना' नावाचे मालवाहू जहाज धक्क्याला लागलेले होते आणि त्याभोवती माणसे व मुले जमली होती. भूकंपाने समुद्रतळाचा उतार खचला, धक्का पाण्यात गेला आणि पाठोपाठ लाटा उसळल्या. बंदरावर असलेली सुमारे ३० माणसे त्यात बुडाली. ग्राउडन आणि त्यांचे दोन मुलगे त्यांत होते. अलास्कातील मुलांच्या खेळांशी जोडलेल्या या माणसाचे नाव शहराने आपल्या खेळाच्या मैदानाला दिले.

मध्यरात्रीच्या सूर्याचा सामना

हा सामना संघापेक्षा जुना आहे. १९०६ साली गावातील दोन मद्यगृहांच्या गिऱ्हाइकांत लागलेल्या पैजेतून तो प्रथम खेळला गेला, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे तो दरवर्षीचा रिवाज बनला. स्थापनेच्या वर्षापासून, म्हणजे १९६० पासून, गोल्डपॅनर्स हे या सामन्याचे यजमान आहेत.

सामना रात्री दहा किंवा साडेदहाच्या सुमारास सुरू होतो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर संपतो. सामन्याच्या वेळी कृत्रिम दिवे लावायचे नाहीत, हा त्याचा मुख्य नियम आहे. आकाश ढगाळलेले असले आणि चेंडू दिसणे कठीण झाले, तरी हा संकेत पाळण्याकडे कल असतो. मध्यरात्रीच्या जवळचा डाव संपला की खेळ थोडा वेळ थांबतो आणि प्रेक्षक उभे राहून अलास्काच्या ध्वजाचे गीत गातात. त्यानंतर खेळ पुढे सुरू होतो.

सामन्याच्या नावाबाबत एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. शास्त्रीय अर्थाने मध्यरात्रीचा सूर्य, म्हणजे चोवीस तास न मावळणारा सूर्य, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेसच दिसतो. ते वृत्त सुमारे ६६.५ अंशांवर आहे आणि फेअरबँक्स त्याच्या दक्षिणेस आहे. तेथे २१ जूनच्या सुमारास सूर्य सुमारे २२ तास क्षितिजाच्या वर असतो. तरीही घड्याळात बारा वाजतात तेव्हा तो दिसतो, कारण उन्हाळ्यात तेथील घड्याळ सौरवेळेच्या जवळपास दोन तास पुढे असते. सूर्य रात्री पाऊणच्या सुमारास मावळतो आणि पहाटे तीनच्या सुमारास पुन्हा उगवतो. मधल्या काळात तो क्षितिजाच्या फार खाली जात नसल्याने संधिप्रकाश टिकून राहतो. अलास्कातील कालविभागांची सध्याची रचना १९८३ मध्ये झाली. त्यापूर्वीच्या घड्याळानुसार सूर्यास्त मध्यरात्रीच्या थोडा आधीच होत असे. म्हणजे जुन्या काळातील खेळाडू मध्यरात्रीनंतर सूर्याच्या नव्हे, तर संधिप्रकाशाच्या उजेडात खेळत.

या सामन्याच्या इतिहासात २००८ हे वर्ष स्मरणीय ठरले. डावखुरे पिचर बिल ली यांनी १९६७ साली विद्यार्थी म्हणून गोल्डपॅनर्सकडून खेळून पुढे बोस्टन रेड सॉक्स व माँट्रिऑल एक्स्पोज या व्यावसायिक संघांत नाव कमावले होते. त्यांच्या विक्षिप्त स्वभावामुळे त्यांना 'स्पेसमन' असे टोपणनाव पडले होते. २००८ मध्ये, वयाच्या ६१व्या वर्षी, ते फेअरबँक्सला परतले, पुन्हा गोल्डपॅनर्सचा गणवेश चढवून मध्यरात्रीच्या सूर्याच्या सामन्यात चेंडू फेकायला उतरले आणि विजयी पिचर ठरले. त्यांच्यासमोरचे फलंदाज त्यांच्या नातवंडांच्या वयाचे म्हणावेत असे होते.

टॉम सीव्हर यांचे उन्हाळे

संघाच्या कार्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणून टॉम सीव्हर यांचा उल्लेख केला जातो. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे १९४४ साली जन्मलेले सीव्हर शालेय वयात लहान चणीचे होते आणि शाळा संपताना कोणत्याही मोठ्या विद्यापीठाने त्यांना बोलावले नव्हते. त्यांनी बेदाणे भरण्याच्या कारखान्यात जड खोकी उचलण्याचे काम केले, मरीन दलाच्या राखीव तुकडीत प्रशिक्षण घेतले आणि नंतर फ्रेस्नो सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. एव्हाना त्यांची उंची व ताकद दोन्ही वाढली होती.

डिडो यांना हा मुलगा आपल्या विद्यापीठात हवा होता. परंतु शिष्यवृत्ती देण्यापूर्वी तो तुल्यबळ खेळाडूंसमोर टिकतो का, हे त्यांना पाहायचे होते. म्हणून १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी सीव्हर यांना बाउचर यांच्याकडे अलास्काला पाठवले. सीव्हर तेव्हा १९ वर्षांचे होते. चरित्रांत सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीनुसार ते फेअरबँक्सला उतरले त्या रात्री मध्यरात्रीच्या सूर्याचा सामना चालू होता. त्यांना विमानतळावरून थेट मैदानावर नेण्यात आले आणि त्याच सामन्यात चेंडू फेकायला उतरवण्यात आले.

त्याच ऑगस्टमध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे राष्ट्रीय स्पर्धेत सीव्हर यांनी 'ग्रँड स्लॅम' फटकावला. तिन्ही बेसवर खेळाडू उभे असताना मारलेल्या होमरनला हे नाव आहे. अशा एका फटक्यावर चार धावा मिळतात. पिचरची ख्याती फलंदाजीसाठी क्वचितच असते. म्हणून या फटक्याची आठवण संघाच्या इतिहासात आवर्जून नोंदवली जाते. सीव्हर यांना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. १९६५ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा फेअरबँक्सला आले.

पुढे १९६७ साली न्यूयॉर्क मेट्स या संघाकडून त्यांनी मेजर लीगमध्ये पदार्पण केले व त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळवला. १९६९ साली मेट्सनी अनपेक्षितपणे वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा सीव्हर हे त्या संघाचे प्रमुख पिचर होते. कारकिर्दीत त्यांनी ३११ सामने जिंकले आणि ३,६४० फलंदाजांना 'स्ट्राइक आउट' केले. १९९२ साली त्यांना कीर्तिदालनात स्थान मिळाले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. शिष्यवृत्तीपूर्वीची चाचणी म्हणून आखलेला एक उन्हाळा त्यांच्या या वाटचालीच्या मुळाशी होता.

राष्ट्रीय स्पर्धा आणि विजेतेपदे

नॅशनल बेसबॉल काँग्रेस ही संस्था हौशी व अर्धव्यावसायिक संघांसाठी विचिटा येथे राष्ट्रीय स्पर्धा भरवते. तिची पहिली स्पर्धा १९३५ साली झाली. फेअरबँक्स ते विचिटा हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर आहे. आरंभीच्या काळात लहान गावातील संघाने पूर्ण चमू घेऊन दरवर्षी हा प्रवास करणे, ही खर्चाच्या दृष्टीने मोठी जोखीम होती. शिवाय विचिटाच्या ऑगस्टमधील उकाड्यात आणि प्रकाशझोतांखाली खेळायचे, म्हणजे फेअरबँक्समध्ये अंगवळणी पडलेल्या हवेच्या व उजेडाच्या अगदी विरुद्ध परिस्थितीला तोंड द्यायचे.

साठच्या दशकात गोल्डपॅनर्स या स्पर्धेत सातत्याने उतरले व त्यांनी आपला दबदबा निर्माण केला. परंतु अलास्कात राष्ट्रीय विजेतेपद प्रथम नेले ते अँकोरेज ग्लेशियर पायलट्स या प्रतिस्पर्धी संघाने, १९६९ साली. गोल्डपॅनर्सना पहिल्या विजेतेपदासाठी १९७२ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर मात्र त्यांनी सलग तीन वर्षे ते राखले. सत्तरच्या दशकातील या यशात सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक जिम डिट्झ यांचा मोठा वाटा होता.

संघाने जिंकलेली राष्ट्रीय विजेतेपदे पुढीलप्रमाणे:

• १९७२
• १९७३
• १९७४
• १९७६
• १९८०
• २००२

१९८० आणि २००२ या दोन विजेतेपदांमधील २२ वर्षांचे अंतर लक्षणीय आहे. या काळात अलास्कातीलच इतर संघ बलवान झाले. अँकोरेजचे ग्लेशियर पायलट्स आणि केनाई द्वीपकल्पातील पेनिन्सुला ऑइलर्स यांनीही ही स्पर्धा एकाहून अधिक वेळा जिंकली. गोल्डपॅनर्सनी घालून दिलेला कित्ता इतरांनी गिरवला आणि त्यामुळेच त्यांची मक्तेदारी संपली, असे म्हणता येईल.

अलास्का बेसबॉल लीग

आरंभी गोल्डपॅनर्सना स्थानिक प्रतिस्पर्धी मोजकेच होते. लष्करी तळांवरील संघ, गावातील हौशी संघ आणि बाहेरून निमंत्रण देऊन बोलावलेले संघ यांच्याशी ते खेळत. १९६९ मध्ये ग्लेशियर पायलट्सची स्थापना झाली आणि फेअरबँक्स व अँकोरेज या दोन शहरांतील चुरस सुरू झाली. सत्तरच्या दशकात इतर शहरांतही संघ निघाले आणि त्यांतून अलास्का बेसबॉल लीगची घडी बसली. पुढे काही काळ राज्यातील संघ दोन वेगवेगळ्या लीगमध्ये विभागले गेले होते. नंतर ते पुन्हा एकत्र आले.

लीगचा भूगोल गोल्डपॅनर्सना प्रतिकूल होता. अँकोरेज, मॅटानुस्का-सुसिटना खोरे आणि केनाई द्वीपकल्प येथील संघ राज्याच्या दक्षिण भागात परस्परांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. फेअरबँक्स मात्र अँकोरेजपासून रस्त्याने सुमारे ५८० किलोमीटर उत्तरेस आहे. त्यामुळे गोल्डपॅनर्सचा प्रत्येक दौरा लांबचा असे आणि पाहुण्या संघांनाही फेअरबँक्सची फेरी महागात पडे. २०१५ च्या हंगामानंतर गोल्डपॅनर्स लीगमधून बाहेर पडले. तेव्हापासून ते मुख्यत्वे घरच्या मैदानावर निमंत्रित संघांशी सामने खेळतात. बाउचर यांच्या काळातील पद्धतीकडे संघ अशा रीतीने परत वळला.

उल्लेखनीय खेळाडू

गोल्डपॅनर्सकडून खेळलेल्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक पातळीवर, म्हणजे मेजर लीग बेसबॉलमध्ये, स्थान मिळवले. सीव्हर व ली यांच्याखेरीज त्यांतील काही नावे अशी:

डेव्ह विनफिल्ड: मिनेसोटा विद्यापीठाचे हे विद्यार्थी १९७१ व १९७२ या उन्हाळ्यांत फेअरबँक्सला होते. विद्यापीठात ते मुख्यतः पिचर म्हणून ओळखले जात. अलास्कात त्यांना फलंदाजीचीही भरपूर संधी मिळाली. १९७३ साली बेसबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या तिन्ही खेळांतील व्यावसायिक संघांनी त्यांची निवड केली. त्यांनी बेसबॉल पत्करला आणि तोही फलंदाज म्हणून. कारकिर्दीत ३,११० हिट व ४६५ होमरन नोंदवून २००१ साली ते कीर्तिदालनात पोहोचले.

रिक मंडे: मेजर लीगने नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी १९६५ साली 'ड्राफ्ट' ही पद्धत सुरू केली. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडले गेलेले खेळाडू म्हणजे मंडे. १९७६ साली लॉस एंजेलिस येथे सामना चालू असताना मैदानात घुसून अमेरिकेचा राष्ट्रध्वज जाळू पाहणाऱ्यांच्या हातून त्यांनी तो हिसकावून घेतला, ही घटनाही प्रसिद्ध आहे.

डेव्ह किंगमन: सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उंचपुरे खेळाडू. मेजर लीगमध्ये त्यांनी ४४२ होमरन मारले.

बॉब बून: स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी. पुढे फिलाडेल्फिया फिलीज संघाचे नामांकित कॅचर. ज्या कुटुंबाच्या तीन पिढ्या मेजर लीगमध्ये खेळल्या, त्या बून कुटुंबातील ते मधल्या पिढीचे.

बॅरी बाँड्स: ॲरिझोना स्टेट विद्यापीठात शिकत असताना ऐंशीच्या दशकात गोल्डपॅनर्सकडून खेळले. कारकिर्दीतील ७६२ होमरनचा मेजर लीगचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. शक्तिवर्धक द्रव्यांच्या प्रकरणामुळे त्यांना कीर्तिदालनात मात्र स्थान मिळालेले नाही.

शहराशी असलेले नाते

संघाची खरी पुंजी यजमान कुटुंबे आणि स्वयंसेवक ही आहे. दूरच्या राज्यातून आलेल्या अनोळखी विद्यार्थ्याला घरात खोली द्यायची, जेवू घालायचे आणि संध्याकाळी त्याचा खेळ पाहायला मैदानावर जायचे, हा क्रम अनेक घरांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण पुढे प्रसिद्ध होत नाहीत. बेसबॉल सोडून ते नोकरीधंद्याला लागतात. दोनशेहून अधिक खेळाडू मेजर लीगमध्ये गेले, ही संख्या मोठी असली तरी सहा दशकांत आलेल्या एकंदर खेळाडूंच्या मानाने ती थोडीच आहे. बाकीच्यांनाही शहराने त्याच आपुलकीने सांभाळले.

फेअरबँक्सचा हिवाळा दीर्घ असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस सूर्य चार तासांहूनही कमी वेळ दिसतो. त्यामुळे जूनमधील प्रकाशाचे तेथील माणसांना असलेले मोल समशीतोष्ण प्रदेशातील माणसांच्या कल्पनेपलीकडचे आहे. एरवी मोठ्या शहरांतील संघ दिव्यांच्या झगमगाटात खेळतात. गोल्डपॅनर्सनी मात्र दिवे न लावणे हीच आपली खूण बनवली.

सद्यःस्थिती

उन्हाळी महाविद्यालयीन बेसबॉलचे स्वरूप गेल्या काही दशकांत बदलले आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर अनेक नव्या लीग निघाल्या असून खेळाडूंना घराजवळच खेळण्याची सोय झाली आहे. निरीक्षकांनाही एका दौऱ्यात अनेक संघ पाहता येतील अशी ठिकाणे सोयीची वाटतात. साठच्या दशकात उत्तम खेळाडूला अलास्काचा लांबचा प्रवास करावासा वाटे, कारण तुल्यबळ पर्याय थोडे होते. आज ती परिस्थिती राहिलेली नाही.

तरीही संघ टिकून आहे. दरवर्षी जूनमध्ये नवे विद्यार्थी फेअरबँक्सला येतात, यजमान कुटुंबांकडे उतरतात आणि उत्तरायणाच्या शेवटच्या रात्री ग्राउडन मैदानावर मध्यरात्रीच्या सूर्याचा सामना खेळला जातो.